तुळशीरामचा डिस्चार्ज

सौंसरला पंचफुलाबाईचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत होती. तिकडचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे सहज ऐकू यायचं. त्यामुळे मी जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः ऐकलेलं, पाहिलेलं आहे. बाकीचं तिनंच मागाहून सांगितलं, आमच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता, तुटक तुटक.

पंचफुलाबाई मोहगावकडची. तिचा नवरा तुळशीराम मँगनीजच्या खदानीत कामाला होता. दगडात भोकं पाडायचं मशीन तो चालवायचा. सायकलवर घरी यायचा तेव्हा भुवया, कान, मानेच्या वळ्या सगळं काळंभोर असायचं. ती न्हाणीत गरम पाणी ठेवायची आणि पहिल्या दोन तांब्यांचं पाणी शाईसारखं नालीतून वाहत आमच्या दारापुढून जायचं. त्याचं कोणालाच काही वाटत नसे. वस्तीत बाकी सगळे दुसऱ्यांच्या वावरात नाहीतर संत्र्याच्या बगीच्यात रोजानं जाणारे. बांधलेलं काम असलेला माणूस म्हणून तुळशीरामला मान होता. त्यात तो ढोलकी वाजवायचा. भीमजयंतीच्या आधी महिनाभर विहारात गाण्यांची तयारी चालायची, आणि गाणारा कितीही बेसूर असला तरी तुळशीरामच्या हातावर गाणं तरून जायचं.

एक्क्याऐंशीच्या जयंतीला तो हात पहिल्यांदा चुकला. गाणं पुढे गेलं आणि ढोलकी मागे राहिली. लोक हसले, तोही हसला. मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर, कोपर वाकवून, तो कोंबड्यासारखा चालायला लागला. वस्तीतली पोरं त्याच्यामागे तसंच चालून दाखवायची. चेहरा थिजल्यासारखा झाला. आवाज बारीक झाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला हसू यायचं, काही कारण नसताना. आमच्या शेजारची म्हातारी वारली तेव्हा तिरडीपाशी उभा असताना तो हसायला लागला. थांबताच येईना. म्हातारीच्या लेकानं त्याला धक्का दिला, तो पाठीवर आडवा पडला, आणि पडल्या पडल्यासुद्धा हसत होता. पंचफुलाबाईनं पदर तोंडाला लावून त्याला उचलून घरी नेलं.

"पेते थो," असं मग लोक म्हणायला लागले. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस तो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक दिवस तो दुपारीच घरी आला. पंचफुलाबाई अंगणात गोवऱ्या रचत होती.

"आज लवकर?"

"टाइमकीपरनं सांगतलं, मले डिस्चार्ज झाला."

पंचफुलाबाईला हा शब्द माहीत होता. मुलगी इंदू झाली तेव्हा तिचं खूप रक्त गेलं होतं, जगते की नाही असं झालं होतं, आणि सौंसरच्या दवाखान्यात तिला कितीतरी दिवस ठेवलं होतं. मग एका सकाळी नर्सबाई येऊन म्हणाली, "आज तुझा डिस्चार्ज, बाई." पोरीला कुशीत घेऊन, बैलगाडीत गवतावर बसून ती घरी आली होती. तिच्या मनात त्या शब्दाला ओव्याच्या धुरीचा वास होता. तिला वाटलं, खदानीच्या डॉक्टरनं तपासलं असेल आणि आता रोग नाही म्हणून सांगितलं असेल. तिनं हात धुतले आणि आमच्या घरी येऊन माझ्या आईला म्हणाली, "वो बाई, यायले डिस्चार्ज भेटला. आता बरं वाटन." आईनंही वाटीभर साखर दिली.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम नेहमीसारखा डबा घेऊन गेला. त्याला वाटत होतं की डिस्चार्ज म्हणजे एका दिवसाची सुट्टी. फाटकावर त्याला आत सोडलं नाही. तो तिथंच निंबाखाली बसून राहिला. त्याच्या शेजारी मशीन चालवणारा चिंधू कामावरून सुटला, तेव्हा त्यानं त्याला सायकलवर बसवून घरी आणलं.

"वहिनी," चिंधू खाली पाहत म्हणाला, "डिस्चार्ज म्हंजे काढून टाकलं. तुळशीभाऊचं नाव कटलं."

"काऊन? काय केलं यायनं?"

"हात थरथरते म्हंतात. दारू पिऊन येते म्हंतात."

तुळशीराम खाटेवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नसे, पण तेवढं ऐकून त्यानं मान हलवली, नाही नाही अशी, आणि कितीतरी वेळ हलवतच राहिला.

पंचफुलाबाई बगीच्यात रोजानं जायला लागली. इंदू सातवीत होती, तिला शाळेतून काढायची वेळ आली होती, पण पंचफुलाबाईचा थोरला भाऊ दादाराव आडवा आला. तो पांढुर्ण्याला नगरपालिकेत नोकरीला होता, चार लोकांत ऊठबस असलेला, थोडा तापट. "पोरगी शिकन," तो तुळशीरामकडे बोट दाखवत म्हणाला, "अन् भाटव्यायले आपण नागपूरले नेऊ."

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्याला भरती केलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी विचारलं, दारू पितो का? मग विचारलं, काम काय करतो?

"खदानीत होते," पंचफुलाबाई म्हणाली.

"कशाची खदान? कोळसा?"

"मँगनीज."

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं आणि तुळशीरामकडे नीट पाहिलं. त्या दिवसापासून त्याच्या खाटेभोवती गर्दी व्हायला लागली. शिकाऊ डॉक्टरांचे घोळके यायचे. त्याला व्हरांड्यात चालायला लावायचे, वळायला लावायचे, मागून हलकासा धक्का देऊन पाहायचे. तो प्रत्येक वेळी पडायचा आणि ते त्याला धरायचे. पंचफुलाबाई भिंतीशी उभी राहून पाहायची. एवढे डॉक्टर ज्या माणसासाठी येतात तो बरा होणारच, असं तिला वाटायचं. गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला थोडा फरकही पडला. एकदा त्यानं स्वतःच्या हातानं पेल्यातून चहा प्यायला. ती गोष्ट तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली की तो चहा आम्हीही पाहिला असं वाटावं.

मग एका सकाळी मोठे डॉक्टर आले. ते इंग्रजीत बोलत होते. कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले, आणि त्या सगळ्या इंग्रजीतून पंचफुलाबाईच्या कानाला एकच शब्द ओळखीचा लागला. डिस्चार्ज.

तिनं पिशवीतून संत्री काढली. घरून आणलेली, त्याच्यासाठी ठेवलेली. ती नर्सला दिली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिली. "बरे झाले वो हे. डिस्चार्ज देऊन राहिले," ती सांगत सुटली. मागे वळून पाहते तर तुळशीरामनं खाटेची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"नाई," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला वाकावं लागलं. "मले नाई पायजे डिस्चार्ज."

"अवो, असं काय करता? घरी जाऊन राहिलो ना आपण."

"म्या त काईच नाई केलं. मंग काऊन काढून राहिले?"

"तो खदानीचा डिस्चार्ज अलग," ती त्याला लहान लेकरासारखं समजावत होती, "हा दवाखान्याचा अलग. इथं बरं झालेल्या माणसालेच देतात. इंदूच्या वेळी मले नव्हता दिला?"

त्याला पटलं नाही. नर्सनं, वॉर्डातल्या माणसानं आणि तिनं मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याचा चेहरा तसाच होता, लाकडाचा, पण दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याचा हात उठत नव्हता.

बस सौंसरला पोचली तेव्हा वस्तीतली बरीच माणसं स्टँडवर आली होती. दादारावनं निरोप पाठवला होता. माझ्या आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. कोणीतरी हौसेनं विहारातून ढोलकी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं बोटं तिच्या चामड्यावर टेकवली. सगळे वाट पाहत राहिले. मग एकेक जण काहीतरी निमित्त काढून उठला.

पंचफुलाबाईनं दिवाळीपर्यंत वाट पाहिली. रोज त्याला दूध द्यायची, पायांना तेल चोळायची, हात धरून अंगणात फिरवायची. तो दिवसेंदिवस जडच होत गेला. गिळायलाही वेळ लागायला लागला. ती माझ्या आईला म्हणायची, "डिस्चार्ज झालेला माणूस असा कसा राह्यते वो?" शेवटी ती नत्थूजीकडे गेली. नत्थूजी आमच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर, रिटायर झालेले. मी तिच्यासोबत होते. अंगणात खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "डिस्चार्ज म्हणजे सोडणं. नुसतं सोडणं. माणूस बरा झाला म्हणूनही सोडतात, अन् बरा होणार नसला म्हणूनही सोडतात. खाट दुसऱ्याले लागते ना."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यायच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यायनं केलं. हा रोग आता जाणार नाही. खदानीची धूळ त्याच्या डोक्यात गेली आहे."

पंचफुलाबाई तिथंच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "बरं झालेल्याले अन् न होणाऱ्याले एकच शब्द? इंग्रजीत दोन शब्द नाई?"

नत्थूजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या बायकोनं चहा आणला होता, तो तसाच राहिला. परत येताना पंचफुलाबाई रस्त्यात एकदाच थांबली आणि म्हणाली, "यायले समजलं होतं वो. दांडी सोडत नव्हते. म्याच सोडवली."

खदानीच्या धुळीनं झालं, हे कळल्यावर ती खदानीवर गेली. फाटकावरच्या बाबूनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डिस्चार्ज हुए आदमी से हमारा क्या लेना-देना?" ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मॅनेजरसाहेबाची जीप आतून येत होती. ती जीपपुढे जाऊन उभी राहिली. साहेब उतरला, उंच, गोरा, तिशी-पस्तिशीचा माणूस. त्यानं शांतपणे विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, "चाला साहेब, एकडाव माह्या घरी येऊन पाहा त्यायले." त्यानं घड्याळ पाहिलं आणि चौकीदाराला खूण केली. चौकीदारानं तिला दंडाला धरून बाजूला केलं.

दादारावला हे कळलं तेव्हा तो पेटला. त्यानं धावपळ करून वर तक्रार केली, खदानींची तपासणी करणारा अधिकारी आला, खदानीत पाणी न मारता कोरडंच भोक पाडतात हे त्यानं पाहिलं, आणि मॅनेजरवर कोर्टात खटला भरला. वस्तीला तेवढ्यानंच खूप मोठं वाटलं. पंचफुलाबाईपेक्षा आम्हीच जास्त आशेत होतो. तुळशीराम तोवर खाटेला लागला होता. तो रोज विचारायचा, "कोर्टात काय झालं?" ती रोज सांगायची, "चालू हाय."

खरा भरवसा चिंधूच्या साक्षीवर होता. वर्षानुवर्षं तुळशीरामच्या शेजारी तेच काम केलेला माणूस. तो यायचं कबूल करून गेला होता. तारखेला तो आला, पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला की पाणी मारत होते, धूळ उडत नव्हती, आणि तुळशीराम कधीमधी पिऊन यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंचफुलाबाईच्या अंगणात येऊन बसला. ती चुलीपाशी होती, ती उठली नाही.

"वहिनी, मले दोन लेकरं हायेत," तो म्हणाला.

तिनं भाकरी उलटली. तो थोडा वेळ बसला आणि निघून गेला. मी कुडापलीकडून पाहत होते. त्याच्या भांडं धरलेल्या हाताला बारीक कंप होता. इंदूनं दिलेलं पाणी अर्धं सांडलं होतं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात निकाल लागला. दादाराव आणि पंचफुलाबाई कोर्टातून चालत घरी आले. दादारावचा चेहरा लाल झाला होता. अंगणात येताच त्यानं छत्री भिंतीवर फेकली.

"झालं! साहेबाले डिस्चार्ज झाला!"

साक्षीपुरावा पुरेसा नाही म्हणून साहेबावर खटलाच उभा राहू शकत नाही, तो मोकळा झाला, असं वकिलानं त्यांना समजावून सांगितलं होतं. कोर्टाच्या भाषेत त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. दादाराव तेच पुढे सांगणार होता. तेवढ्यात आतून खाटेवरून आवाज आला. तुळशीराम हसत होता.

रोगाचं हसणं आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. पंचफुलाबाई धावत आत गेली. त्याचे डोळे चमकत होते.

"साहेबाले?" तो म्हणाला. "डिस्चार्ज केला साहेबाले?"

दादाराव दारात उभा होता. त्यानं तोंड उघडलं. पंचफुलाबाईनं न वळता मागे हात केला आणि त्याला थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "डिस्चार्ज केला."

"फाटकातून आत नाई येऊ देणार आता त्याले."

"नाई येऊ देणार."

"चांगलं झालं," तुळशीराम म्हणाला. "समजन त्याले."

दादाराव बाहेर आला आणि आमच्या ओट्यावर बसून डोकं धरून रडला. एवढा दांडगा माणूस रडताना मी तेव्हाच पाहिला.

त्यानंतर जो कोणी भेटायला येई त्याला तुळशीराम हीच बातमी सांगे. वस्तीतल्या सगळ्यांना खरं माहीत होतं, आणि सगळे मान डोलवायचे. "हो ना भाऊ, काढून टाकला त्याले." लहान पोरंसुद्धा. इंदूनं एकदाच आईला विचारलं, "बाबाले खोटं काऊन सांगून राहिली?" पंचफुलाबाई म्हणाली, "म्या कोठी खोटं सांगतलं? डिस्चार्जच झाला ना." आणि मग ती इतकी हसली की इंदू घाबरून आमच्या घरी आली.

पण ते तिथं थांबलं नाही. काही दिवसांनी तुळशीराम साहेबाबद्दल विचारायला लागला. घास भरवताना मध्येच थांबवून विचारायचा.

"काय करत असन तो आता?"

"घरीच बसला असन," पंचफुलाबाई म्हणायची.

"बायको त्याची?"

"जात असन कोणाच्या बगीच्यात."

"लेकरं लहान हायेत त्याची," तुळशीराम म्हणायचा. एकदा म्हणाला, "एवढं नव्हतं करायले पायजे कोर्टानं. ताकीद द्यायची होती." आणि एकदा थंडीच्या दिवसांत, बोलणं जवळजवळ बंद झाल्यावर, त्यानं तिला जवळ बोलावून सांगितलं, "दादारावले म्हण, साहेबाले कोठी काम पाहून दे. नगरपालिकेत. शिकलेला माणूस हाय."

ती उठून न्हाणीत गेली. कुडाच्या अलीकडे मी होते. तिनं तांब्या भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, तो चेपेपर्यंत आपटत राहिली. तोंडातून आवाज मात्र काढला नाही. मग ती आत गेली आणि म्हणाली, "सांगीन दादाले."

संक्रांत झाल्यावर तुळशीराम गेला. पाण्याचा घोट श्वासनळीत अडकला आणि ताप आला. कोणी त्याला दवाखान्यात न्यायचं नाव काढलं नाही, तिनंही नाही. तो साहेबाची काळजी करतच गेला, असं ती म्हणायची.

इंदूची शाळा त्याच वर्षी सुटली. दोघी मायलेकी बगीच्यात जायच्या, आणि हंगामात पंचफुलाबाई सौंसरच्या बस स्टँडवर टोपलीत संत्री घेऊन बसायची. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. एक पांढरी मोटार येऊन थांबली. ड्रायव्हर पानाच्या टपरीकडे गेला. मागची काच खाली झाली आणि आतल्या माणसानं हात बाहेर काढून टोपलीकडे बोट केलं. मी चेहरा ओळखला नाही. ती टोपली घेऊन उठली आणि गाडीजवळ जाऊन थिजल्यासारखी उभी राहिली, तेव्हा मला कळलं.

साहेब थोडा जाड झाला होता. त्याच्या शेजारी स्वेटर घातलेली एक लहान मुलगी बसली होती.

"मीठे हैं?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिला ओळखत नव्हता. ओळख लपवतही नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

"गोड हायेत," ती म्हणाली.

त्यानं एक संत्रं सोललं, पहिली फोड मुलीच्या तोंडात दिली, मुलीनं मान डोलावली. मग त्यानं डझनभर घेतली. पंचफुलाबाईनं ती निवडून निवडून दिली, एकही पिचलेलं दिलं नाही. ड्रायव्हर आला आणि गाडी नागपूरकडे गेली.

ती परत येऊन माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, "मावशी, काई तरी बोलायचं होतं ना त्याले."

"काय बोलू माय?" ती म्हणाली. "चार वर्षं म्या काय काय बोलाचं ते जमवून ठेवलं होतं. त्यानं पुसलं, गोड हायेत का, अन् म्या सांगतलं, गोड हायेत."

मग बराच वेळ ती रस्त्याकडे पाहत होती. छिंदवाड्याची बस आली, माणसं उतरली, कोणी तिच्यापुढे थांबून भाव विचारला. तिनं टोपली मागे ओढली.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली, "हे नाईत पाहाले."

तिनं पदरानं टोपली झाकली आणि दिवस बराच उरलेला असताना घराकडे निघाली.